उतरवलेलं वजन परत का येतं आणि ते टिकवायचं कसं

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. वजन ९१ होतं, आठ महिने मनापासून डाएट आणि चालणं करून ७३ वर आणलंत, आणि आता सव्वा वर्षात काटा ८४ दाखवतोय. खाणं तेच आहे, चालणंही फारसं सुटलेलं नाही असं तुम्ही म्हणताय, आणि विचारताय की मेटाबॉलिझम, म्हणजे शरीराचं कॅलरी जाळणं, कायमचं बिघडलं का, की माझ्यातच जिद्द कमी पडली, आणि आता परत तेच डाएट सुरू करू का.

जिद्दीचं पहिल्यांदा सांगते. ज्याच्यात जिद्द नाही त्याचं १८ किलो वजन उतरतच नाही हो. आहारतज्ज्ञ म्हणून मला १९ वर्षं झाली, आणि ज्यांचं वजन परत आलं त्यातली बहुतेक माणसं नोकरी, घर, मुलं, आजारी माणसं सगळं नीट सांभाळणारी होती, आळशी म्हणावं असं मला त्यात क्वचितच कुणी भेटलं. सुरुवातीची सहा-सात वर्षं मीच एक मोठी चूक करत होते. टार्गेट गाठलं की अभिनंदन करायचं, "आता हे असंच चालू ठेवा" म्हणायचं आणि फाइल बंद. मला वाटायचं काम झालं. ज्यांचं वजन परत यायचं ते लाजेनं परत फिरकायचेच नाहीत, त्यामुळे मला कळायचंही नाही. एकदा अशाच एक बाई रस्त्यात समोरून आल्या आणि मला बघून त्यांनी पटकन रस्ता ओलांडला. मी हाक मारली, त्या थांबल्या, आणि पहिलं वाक्य काय, तर "मॅडम सॉरी, मी सगळं घालवलं". माझी माफी मागत होत्या त्या. त्या दिवसापासून मी वजन उतरवणं आणि वजन टिकवणं ही दोन वेगळी कामं धरते, आणि दुसऱ्या कामाचं बोलणं पहिलं सुरू व्हायच्या आधीच करते.

आता शरीरात काय होतं ते. तुम्ही १८ किलो घटवलेत तेव्हा तुम्हाला आनंद झाला, पण शरीराला आरसा आणि कपड्यांची साइझ कळत नाही, त्याला एवढंच कळतं की साठा भराभर संपत चाललाय, म्हणजे दुष्काळ पडलाय. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला होता, महायुद्धातल्या उपाशी लोकांना परत नीट कसं खाऊ घालायचं हे समजून घेण्यासाठी. त्या मुलांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, वजन जवळजवळ चौथाईनं उतरलं. ती मुलं दिवसभर खाण्याचाच विचार करायची, स्वप्नात खाणं, वाचायला पाककृतींची पुस्तकं, आधी ज्यांना स्वयंपाकात काडीचा रस नव्हता अशी मुलं. आणि नंतर मनसोक्त खायची मुभा मिळाली तेव्हा काहीजण प्रचंड खाऊनही भूक भागत नाही म्हणायचे. चरबी आधीपेक्षाही वर गेली आणि स्नायू मात्र अजून भरून आलेले नव्हते. ही निवडून घेतलेली, काटक, धडधाकट मुलं होती. म्हणजे हा स्वभावाचा दोष नव्हे.

हे का होतं त्याचा एक मोठा धागा १९९४ मध्ये सापडला, जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत, लेप्टिन नावाचं हार्मोन. चरबीच्या पेशी ते बनवतात आणि मेंदूला कळवत राहतात की साठा किती आहे. चरबी कमी झाली की लेप्टिन खाली येतं, मेंदू भूक वाढवतो आणि खर्च आखडता घेतो. २००८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की मोठेपणी वजन उतरलं तरी चरबीच्या पेशींची संख्या कमी होत नाही, त्या नुसत्या बारीक होतात, म्हणजे रिकामी पोती तशीच पडून असतात, भरायची वाट बघत. आणि मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवून गेला तो २०११ चा ऑस्ट्रेलियातला अभ्यास, ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं आणि मग वर्षभर पाठपुरावा केला. वर्ष उलटून गेलं तरी भुकेची हार्मोन्स जागेवर आलेली नव्हती, लोकांना सुरुवातीपेक्षा जास्तच भूक लागत होती. वर्षानंतर! आणि आपण माणसाला तीन महिन्यांत म्हणतो "आता सवय झाली असेल ना".

मग मेटाबॉलिझम बिघडला का? मंदावला, हो. बिघडला म्हणणार नाही. ७३ किलोचं शरीर ९१ किलोच्या शरीराइतकं जाळूच शकत नाही, लहान गाडीला पेट्रोल कमी लागतं तसं, आणि त्याशिवाय अजून थोडं जास्तीचं मंदावतं, हे १९९५ मध्येच लीबेल आणि रोझेनबाउम या संशोधकांनी मोजून दाखवलंय. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना केविन हॉल या संशोधकाच्या गटानं सहा वर्षांनी परत तपासलं, निकाल २०१६ मध्ये आले. त्यांचं आराम करतानाचं जळण अपेक्षेपेक्षा दिवसाला साधारण ५०० कॅलरींनी कमी निघालं, सहा वर्षांनीसुद्धा. ही बातमी जगभर गाजली आणि तेव्हापासून लोक माझ्याकडे येऊन सांगतात की मेटाबॉलिझम मेलाय, आता काही उपयोग नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. ज्यांनी वजन जास्त टिकवलं होतं त्यांचाही मेटाबॉलिझम मंदावलेलाच होता, उलट थोडा जास्तच. म्हणजे वजन परत आलं ते काही नुसतं मेटाबॉलिझम मंदावला म्हणून नाही आलं.

मग कशानं आलं? भुकेनं. याच हॉल यांच्या गटाचा आणखी एक अभ्यास आहे, तोही २०१६ चा, माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. मधुमेहाचं एक औषध आहे, त्यानं रोज साधारण ३६० कॅलरींची साखर लघवीतून निघून जाते. माणसाला ते जाणवत नाही, त्यानं डाएटही केलेलं नसतं. या लोकांचं वजन काही किलो उतरलं आणि मग थांबलं, जरी साखर रोज जातच होती. कारण नकळत ते जास्त खायला लागले होते. हिशोब असा निघाला की उतरलेल्या दर एका किलोमागे शरीराचा खर्च दिवसाला २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, पण भूक मात्र जवळजवळ १०० कॅलरींनी वाढते. तीन-चार पट! म्हणजे पाच किलो उतरवलेल्या माणसाला शरीर रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खायला ढकलत असतं, हळूच, न सांगता, आणि तुमचे तर १८ किलो गेले होते.

आता ही वाढलेली भूक कशी दिसते ते नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे फसतात. पोटात कावळे ओरडले तर कळेल तरी. ही भूक तशी नसते. घास किंचित मोठा होतो. वाढून घेताना चमचा थोडा जास्त भरतो. मुलाच्या ताटात उरलेलं टाकवत नाही म्हणून तोंडात जातं. संध्याकाळी सहा वाजता ओट्याशी उभं राहून काहीतरी चिरता चिरता दोन-चार तुकडे जातात आणि ते "खाणं" म्हणून आठवतच नाहीत.

एक प्रसंग सांगते. एक शिक्षिका माझ्याकडे यायच्या, तुमच्यासारखंच, १४ किलो उतरवून ९ परत आलेले. वही अगदी नीट ठेवायच्या, सुंदर अक्षर. पहिल्या महिन्याच्या पानावर "तेल २ छोटे चमचे" असं रोज लिहिलेलं. दहाव्या महिन्यात तिथे "तेल नेहमीप्रमाणे" असं होतं. मी काही बोलले नाही, किचनचा काटा काढला, त्यावर वाटी ठेवली आणि तेलाची बाटली त्यांच्या हातात दिली, म्हटलं नेहमीप्रमाणे ओता. त्यांनी अगदी प्रामाणिकपणे, जपून ओतलं. काट्यावर २३ ग्रॅम आलं. दोन छोटे चमचे म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास. बाई काट्याकडे बघतच राहिल्या, मग म्हणाल्या, "पण मी खरंच एवढंच घालते हो." खोटं बोलत नव्हत्या त्या. १४ ग्रॅम तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी, दिवसातून एकदाच धरलं तरी, आणि दहा महिन्यांत हात इतका हळू सरकला होता की त्यांनाच पत्ता नव्हता.

म्हणून "खाणं तेच आहे" हे तुमचं वाक्य मी खोटं मानत नाही, पण ते मोजल्याशिवाय खरंही धरत नाही. १९९२ मध्ये न्यूयॉर्कला एक अभ्यास झाला, काहीही केलं तरी वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांचा, त्यात ते लोक प्रत्यक्षात खातात त्यापेक्षा जवळजवळ निम्मंच सांगत होते आणि हालचाल मात्र दीडपट. मेटाबॉलिझम ठीक होता. या अभ्यासाचा वापर काही डॉक्टर पेशंटला खोटं पाडायला करतात त्याचा मला फार राग येतो. माणसाची आठवण अशीच असते, जाड असो की बारीक. पोटाला किती गेलं याची नोंद मनात होतच नाही, ती कागदावरच करावी लागते.

आणि अजून एक गोष्ट, जी कुठल्या हार्मोनच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. वजन उतरत असतं तेव्हा रोज बक्षीस मिळतं. काटा खाली, कपडे सैल, लोक विचारतात काय केलंस गं. टिकवायच्या काळात यातलं काहीही नसतं. तोच काटा, तोच आकडा, कौतुक तीन महिन्यांत संपतं आणि मेहनत मात्र तेवढीच, किंबहुना भूक वाढल्यामुळे जास्तच. फळ म्हणून मिळतं काय, तर काहीच न बदलणं. इतक्या कोरड्या कामासाठी माणसाला सोबत लागते, आणि नेमकी तेव्हाच आपण त्याची फाइल बंद करतो.

आकडे निराशाजनक आहेत, लपवणार नाही. २००१ मध्ये अमेरिकेतले २९ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा पाच वर्षांनी लोकांनी सरासरी ३ किलोच टिकवले होते. पण सरासरीनं गोष्ट पूर्ण होत नाही. लुक अहेड नावाचा मोठा अभ्यास झाला, टाइप २ मधुमेह असलेले पाच हजारांवर लोक, त्यात ज्यांना वर्षानुवर्षं भेटी आणि पाठबळ मिळत राहिलं त्यातल्या निम्म्या लोकांनी आठ वर्षांनी सुद्धा मूळ वजनाच्या ५ टक्के किंवा जास्त घट टिकवून ठेवली होती. आठ वर्षं! त्यातलं "मिळत राहिलं" हे मला महत्त्वाचं वाटतं.

टिकवणारे लोक करतात तरी काय? अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही चालू आहे, रीना विंग आणि जेम्स हिल यांनी सुरू केलेली, दहा हजारांच्या वर माणसं, सरासरी ३० किलो उतरवून पाच वर्षांहून जास्त टिकवलेली. वजन कसं उतरवलं ते प्रत्येकाचं वेगळं, पण टिकवण्यात बरंच सारखं. चारातले तीन जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. दहातले नऊ जण रोज साधारण तासभर व्यायाम करतात, बहुतेकांचा चालणंच. टीव्ही कमी बघतात. अर्थात ही स्वतःहून पुढे आलेली माणसं आहेत, त्यामुळे असं केलं की हमखास टिकेल असा अर्थ काढता येत नाही, पण माझ्याकडच्या टिकवणाऱ्यांमध्ये मी हेच बघते.

वजन करण्याबद्दल थोडं जास्त बोलते कारण इथे भीती फार असते. वजन वाढतंय असं वाटलं की माणूस पहिलं काय करतो, तर काट्यावर उभं राहणं सोडतो. तुम्हीही सोडलं असणार, कारण सव्वा वर्षातला मधला एकही आकडा तुम्ही लिहिलेला नाही, ७३ आणि थेट ८४. रीना विंग यांनीच २००६ मध्ये ३१४ जणांवर एक प्रयोग केला, रोज वजन करायचं आणि ठरलेल्या रेषेच्या वर गेलं की लगेच काय करायचं हे आधीच शिकवून ठेवलेलं. दीड वर्षात सव्वादोन किलोहून जास्त वाढलेले लोक, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांत ७२ टक्के, आणि प्रत्यक्ष भेटून शिकवलेल्या गटात ४६ टक्के. मी माझ्या लोकांना तेच सांगते, एक रेषा आखा, टिकवायच्या आकड्याच्या दोन-अडीच किलो वर, आणि ती ओलांडली की काय करायचं ते आजच लिहून ठेवा, तेव्हा नाही, कारण तेव्हा मन थाऱ्यावर नसतं. दोन किलो मागे घ्यायला तीन-चार आठवडे पुरतात, अकरा किलोला परत आठ महिने लागतात. आणि एका दिवसात दीड किलो वाढला तर घाबरू नका, ते पाणी असतं, शरीरात साठलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याबरोबर, तीनेक ग्रॅम पाणी राहतं, आदल्या दिवशी जरा जास्त जेवलं की काटा वर जाणारच. आठवड्याची सरासरी बघायची. मात्र ज्यांना खाण्याचा विकार आहे किंवा होता, उपाशी राहणं, खाऊन उलटी काढणं असं काही, त्यांनी रोज काट्यावर उभं राहू नये, त्यांचं काम वेगळं आहे आणि ते मानसोपचारतज्ज्ञांच्या मदतीनंच व्हायला हवं.

व्यायामाचं एक समजून घ्या. वजन उतरवताना व्यायामाचा वाटा लहान असतो, टिकवताना मोठा होतो. उतरवायच्या काळात तुम्ही रोज अर्धा तास चालत होतात, छान, पण टिकवायला आठवड्याला २०० ते ३०० मिनिटं लागतात, वरचं टोक पकडून रोज पाऊण तास धरा. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंचा व्यायाम, वजनं उचला नाहीतर घरीच उठाबशा, भिंतीला टेकून पुशअप, काहीही. उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायूही जातात, आणि परत येताना मात्र चरबी आधी येते. प्रत्येक जेवणात प्रोटीन नीट हवं तेही यासाठीच, शिवाय त्यानं पोट भरल्यासारखं जास्त वेळ वाटतं. झोप सहा तासांच्या खाली गेली की भूक वाढते, तेवढं बघा.

कुठलं डाएट चांगलं यावर मी वेळ घालवत नाही. २०१८ मध्ये ६०९ जणांवर वर्षभर लो फॅट आणि लो कार्ब यांची तुलना झाली, एका गटाचे ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६, म्हणजे सारखंच. जे तुम्ही पाच वर्षांनी पण खात असाल ते डाएट.

वजन उतरवायच्या इंजेक्शनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही पण हल्ली सगळेच विचारतात म्हणून सांगते. सेमाग्लुटाइडसारखी औषधं खरोखर त्या वाढलेल्या भुकेवरच काम करतात, म्हणून ती लागू पडतात. पण अभ्यासात ती थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आला. काही लोक याला औषधाचं अपयश म्हणतात, मला तसं वाटत नाही. बीपीची गोळी थांबवली की बीपी वाढतं, तेव्हा आपण गोळी फसवी होती म्हणत नाही. सहा महिने घेऊन सोडून देऊ या हिशोबानं मात्र कुणी घेऊ नये, डॉक्टरांशी लांबचं बोलून मगच.

आता तुमच्यापुरतं. परत तेच डाएट सुरू करू नका, निदान आत्ता नाही. आधी वजनाची वाढ थांबवायची. पुढचे दोन-अडीच महिने एकच काम, ८४ चं ८५ होऊ द्यायचं नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल की एवढंच का, पण एक बघा, ९१ वरून ८४ म्हणजे तुम्ही अजूनही साडेसात टक्क्यांनी खाली आहात. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांचा एक मोठा अभ्यास २००२ मध्ये आला, त्यात लोकांना लक्ष्यच मुळी ७ टक्के वजन उतरवायचं दिलं होतं, आणि त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुम्ही "सगळं परत आलं" असं लिहिलंय, ते खरं नाही. सात किलो अजून तुमच्या हातात आहेत.

८४ दहा आठवडे स्थिर राहिलं की मग चार किलो, ८० पर्यंत. परत तीन महिने थांबायचं. मग पुढचं बघू. ७३ परत येईल का हे मी छातीठोक सांगणार नाही, आणि खरं सांगू का, ७८ वर पाच वर्षं राहिलात तर ते मला तीन महिन्यांच्या ७३ पेक्षा कितीतरी मोलाचं वाटेल.

या आठवड्यात दोन कामं करा. डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइडची तपासणी करून घ्या आणि गेल्या दीड वर्षात सुरू झालेल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा, कारण स्टेरॉइड, इन्सुलिन, फिट्सची आणि मानसिक आजाराची काही औषधं वजन वाढवतात, मनाने मात्र कुठलीही गोळी बंद करू नका. आणि नवी वही सुरू कराल तेव्हा ती आठ महिन्यांची जुनी वही पण शोधून शेजारी ठेवा. तिच्या पहिल्या महिन्याच्या पानावर तेल किती लिहिलंय ते बघा, आणि आजचं एकदा काट्यावर मोजा.